पितात पुष्कळ, अडकतात थोडे

ज्याची दारू सुटत नाही त्याच्याबद्दल आपल्याकडे एकच निदान चालतं : मनाचा निश्चय कमी पडतो. हे निदान सर्वांत ठामपणे करणारा माणूस बहुधा स्वतः शनिवारी दोन पेग घेणारा असतो. ‘आम्हीही घेतोच की, पण आमचा तोल कधी गेला नाही,’ हे त्याचं पुढचं वाक्य. त्यात खोटं काही नसतं, त्याचा तोल खरोखरच गेलेला नसतो. फक्त तो न जाण्याचं सगळं श्रेय त्याने स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकलेलं असतं. माझं म्हणणं असं की त्या श्रेयातला मोठा हिस्सा त्याचा नाहीच.

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारने २०१९ साली देशभरातल्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या व्यसनोपचार केंद्राने ती केली होती. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसं, दारू पितात. या पिणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचं दारूवाचून चालत नाही. आणखी काहींचं पिणं अपाय होण्याइतकं आहे. दोन्ही मिळून ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. म्हणजे पिणाऱ्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश लोक पितात आणि निभावून नेतात. एवढे सगळे निग्रही, आणि उरलेले तेवढे नेमके लेचेपेचे?

निश्चयाचा सिद्धांत दुसऱ्या बाजूनेही टिकत नाही. अमेरिकेत १९९४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एखादा पदार्थ आयुष्यात कधीतरी घेतलेल्यांपैकी किती जण पुढे त्याचे बांधील झाले, हे त्यात मोजलं होतं. तंबाखूचे ३२ टक्के, हेरॉइनचे २३, कोकेनचे १७, दारूचे १५ आणि गांजाचे ९ टक्के. एकाच समाजातली माणसं गांजासमोर खंबीर आणि तंबाखूसमोर दुबळी कशी ठरतात? पदार्थाची स्वतःची पकड असते, आणि या यादीत सर्वांत घट्ट पकड आपल्या शर्टाच्या खिशातल्या पुडीची आहे. (‘मनावर घेतलं तर सुटतं रे’ असं दारुड्याला समजावताना डाव्या तळहातावर चुना-तंबाखू मळणारे काका प्रत्येक घराण्यात आहेत. त्यांना सकाळी बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही. आणि दिवसातून तीनदा मशेरी लावणाऱ्या आजीला आपण व्यसनी म्हणतच नाही.)

मग अडकतो कोण?

प्रत्येक बैठकीत एक जण असा असतो, ज्याला चढत नाही. बाकीचे दुसऱ्या पेगला बडबडायला लागतात, तिसऱ्याला जुनी दुःखं काढतात. हा चार रिचवून सगळ्यांना घरी सोडायला निघतो. त्याचं कौतुक होतं. ‘पचवावी तर यानेच!’ मार्क शुकिट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस सॅन दिएगोमध्ये विशीतल्या तरुणांना मोजून दारू देऊन तिचा त्यांच्यावर होणारा परिणाम नोंदवला, आणि मग त्याच मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांना तेव्हा कमी चढली होती, तेच पुढे जास्त प्रमाणात व्यसनात गेले. ज्यांचे वडील व्यसनी होते, त्या मुलांमध्ये हे कमी चढणं अधिक आढळलं. कारण समजायला अवघड नाही. दोन पेगमध्ये ज्याला गरगरतं, ओकारी येते, त्याचं शरीरच त्याला थांबवतं. ज्याच्या शरीराकडून हा इशारा उशिरा येतो, तो दर वेळी जास्त पितो, आणि त्याच्या मेंदूला त्या जास्त मात्रेची सवय होत जाते. बैठकीत सर्वांत सुरक्षित वाटणारा गडीच सर्वांत धोक्यात असतो आणि आपण त्याच्या पाठीवर थाप मारत असतो.

याची उलट बाजू पूर्व आशियात दिसते. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांच्या शरीरात दारू पचवणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम जन्मतःच मंद असतं. थोड्याशा दारूने चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. अशा लोकांत दारूचं व्यसन बरंच कमी आढळतं. त्यांच्या या संयमाचं प्रशस्तिपत्रक कोणाला द्यायचं?

जुळ्यांच्या आणि दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासांतून असं दिसतं की दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिक आहे. ‘दारूचा जीन’ असा एकच काही नाही; बारीकसारीक परिणाम करणारे अनेक जीन आहेत. म्हणून एकाच पिदक्कड बापाचे दोन मुलगे वेगळ्या वाटेने जातात. एक थेंबाला शिवत नाही, दुसरा बापाच्याच ठेक्यावर बापाच्याच बाकड्यावर बसतो. ‘त्याच घरात वाढला, तो कसा सुधारला?’ असा टोमणा दुसऱ्याला आयुष्यभर ऐकावा लागतो. पण भावंडांना आईबापांकडून मिळालेली पानं सारखी नसतात. आणि ‘त्याच घरात’ हेही खरं नसतं. थोरल्याने बाप पीत नव्हता ती वर्षं पाहिलेली असतात, धाकट्याने फक्त फुटलेल्या बशा.

त्या बशांचाही हिशेब झाला आहे. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं : मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवर होणारी हिंसा, घरातलं व्यसन, घरातलं कोणी तुरुंगात असणं. अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांना दारू, ड्रग्ज, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. दुसरा घटक पहिल्या घोटाच्या वयाचा. पंधरा वर्षांच्या आत प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे कधीतरी दारूचे बांधील झाले. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहिलं, असं १९९७च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. आपल्या राज्यात कायद्याने बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं आहे. काउंटरवर कोणी वय विचारताना तुम्ही पाहिलंय? हळदीच्या रात्री, विसर्जनाच्या मिरवणुकीत, निवडणुकीच्या आदल्या दिवशी दहावी-अकरावीतली पोरं पहिला घोट घेतात, आणि मोठी माणसं ‘मोठा झाला’ म्हणून हसतात.

व्यसन जडल्यानंतर आत काय बदलतं, हे न कळल्यामुळे घराघरांत सर्वांत जास्त भांडणं होतात. बायको विचारते, ‘एवढं काय सुख मिळतं त्यात?’ नवरा खरं बोलला तर उत्तर असेल : काहीच नाही. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं की एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ वाटणं, ही दोन्ही कामं मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणा करतात. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः ओढीशी आहे. नशेमुळे ओढ वाढत जाते आणि आनंद मात्र तिथेच राहतो किंवा ओसरतो. मग संध्याकाळचे सात वाजणं, पगाराचा दिवस, ठेक्यावरची पाटी, जुन्या जोडीदाराचा फोन, एवढंसं निमित्तही पुरतं. दहा वर्षं पिणारा माणूस मजेसाठी पीत नसतो. सकाळी त्याचे हात थरथरतात, दाढी करता येत नाही, घाम फुटतो. उताऱ्याची क्वार्टर पोटात गेली की हात स्थिर होतात आणि तो कामावर जातो. बाहेरून दिसतं ते एवढंच : सकाळी सकाळी प्यायला!

इथेच आपली शपथ घालायची पद्धत घात करते. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून, कुलदैवतासमोर नारळ फोडून, ‘आजपासून बंद’. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम तोडली तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच त्याला फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊ शकतात. अंगावर किडे चालतायत असं वाटतं, तो घरच्यांना ओळखत नाही. उपचाराविना हे जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांची औषधं आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली तर बहुतेक जण यातून सुखरूप बाहेर येतात. घरच्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. अंगारा होतो, मांत्रिक होतो, आणि शेवटी कोणी शेजारी अनुभवाने सांगतो, ‘त्याला थोडी पाजा, शांत होईल.’ तो शांत होतोही. शपथ मोडली म्हणून पुढची दहा वर्षं त्याला ऐकवलं जातं.

शपथेपेक्षा माळ जास्त लोकांना तारते, असं माझं निरीक्षण आहे, आणि त्याचं कारण मला श्रद्धेइतकंच संगतीत दिसतं. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटतं, हा नियम झाला. पण त्याबरोबर एकादशी येते, भजनाची बारी येते, संध्याकाळी सात वाजता जायला दुसरी जागा मिळते, आषाढीला पंढरीच्या वाटेवर चालायला दिंडी मिळते. काल ज्याला ‘बेवडा’ म्हणत होते, त्याच्या पाया पडणारे लोक भेटतात. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, दोघेही दारूने गांजलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ उभं राहिलं. त्याचंही मर्म हेच : पिणाऱ्याची संध्याकाळ न पिणाऱ्यांच्या संगतीत भरून काढायची.

परिस्थितीचं वजन किती, याचा सर्वांत मोठा पुरावा नकळत व्हिएतनाम युद्धाने दिला. १९७१ साली तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन इतकं पसरलं होतं की लघवी तपासल्याशिवाय त्यांना मायदेशी सोडत नव्हते. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक सैनिक हेरॉइनच्या व्यसनात होता. परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांतले साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात गेले, तीन वर्षांत सुमारे १२ टक्के. बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते. युद्ध मागे राहिलं, सोबतचे पांगले, रोजचा पुरवठा तुटला, घर-नोकरी समोर आली.

आता आपल्या ऊसतोड मजुराला किंवा गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला यात ठेवून पाहा. गटारात उतरण्याआधी पोटात दारू असल्याशिवाय त्या वासात उभं राहवत नाही, हे सफाई कामगार उघडपणे सांगतात. व्यसनमुक्ती केंद्रात महिना काढून, तब्येत सुधारून, वजन वाढवून तो बाहेर येतो, आणि परतायचं कुठे तर त्याच कामावर, त्याच वस्तीत, जिथून देशीचं दुकान हाकेच्या अंतरावर आहे. व्हिएतनाममधून परतायला त्याच्याकडे अमेरिका नाही.

इथे एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो बायकांकडून येतो म्हणून त्याला वजन आहे. ‘आजार आहे, आजार आहे म्हणून तुम्ही त्याला सोडून देता. मार मी खाल्ला.’ माझ्या मते या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. पिण्याची ओढ त्याच्या हातात पुरेशी नाही, हे मान्य; हात उगारणं हा गुन्हाच आहे. आपल्या फौजदारी कायद्यातही स्वखुशीने केलेली नशा हा बचाव होऊ शकत नाही. उपचार घेणं ही त्याची जबाबदारी राहते, आणि त्याने ती घ्यावी म्हणून बायकोने वर्षानुवर्षं थांबून राहावं अशी अपेक्षा करायचा अधिकार सासरला, माहेरला, आणि लेख लिहिणाऱ्यांनाही नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर ते केंद्र सुरू केलं. व्यसन एकाचं असलं तरी आजारी घर पडतं, हे ओळखणारी जागा आपल्याकडे इतकी वर्षं आहे आणि तिच्यासारख्या जागा अजूनही हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात.

दारूबंदीबद्दल दोन्हीकडून इतकं ओरडून बोललं जातं की थोडं सावकाश बोलायला हवं. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली, २०२१ मध्ये उठली. अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण दिलं गेलं. दुकान जवळ नसलं तर नवे पिणारे कमी तयार होतात, हे मला पटतं. आणि गावोगावच्या बायकांनी उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानातून दुकानं बंद पाडली, त्यामागे शौकाचं राजकारण नव्हतं. त्या मतदानातही सरकारने झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतांची अट घातली आहे. आमदार निवडून यायला एवढं लागत नाही. पण बंदीने जो आधीच अडकला आहे त्याचं काय होतं? तो हातभट्टीकडे जातो किंवा शेजारच्या जिल्ह्यात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ने दारू-तंबाखूचा पुरवठा रोखण्याबरोबर तालुक्या-गावांत उपचारही सुरू केले, म्हणून मला तो मार्ग अधिक शहाणा वाटतो. चंद्रपूरच्या वादात उपचारांबद्दल कोणत्याच बाजूने फारसं काही ऐकू आलं नाही.

उपचारांची पोकळी राहिली की ती भिंतीवरच्या जाहिराती भरून काढतात. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ एसटी स्टँडच्या मुतारीपासून लोकलच्या डब्यापर्यंत हे कागद चिकटलेले असतात. कंटाळलेली आई किंवा बायको ती पूड आणून चहातून देते. अशा पुड्यांत काय असतं याचा पत्ता लागत नाही. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर रक्तदाब झपकन खाली येऊ शकतो, हृदयावर ताण येतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन देतात. ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत. ती घेणाऱ्या किती जणांना तुम्ही ओळखता? २०१९च्या त्याच पाहणीत दिसलं की दारूच्या ३८ व्यसनींपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतात.

आणि उपचार घेतलेल्याला ‘स्लिप’ झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, की ‘पैसे फुकट गेले’ असा निकाल लागतो. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरलं जातं. रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाणही याच्याच आसपास किंवा थोडं जास्त आहे. गोळ्या चुकवून दवाखान्यात भरती झालेल्या रक्तदाबाच्या पेशंटला आपण मोसंबी घेऊन भेटायला जातो.

सरकारची भूमिका तर विनोदी आहे. १९४९च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो, आणि त्या परवान्यामागचं कागदोपत्री कारण आहे आरोग्य राखणं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाचा अंदाज सांगितला गेला. हा पैसा शनिवारच्या दोन पेगवाल्याकडून येतो त्यापेक्षा कितीतरी जास्त रोज पिणाऱ्याकडून येतो. त्यासाठी पाहणी करावी लागत नाही, बाटल्या मोजल्या तरी कळतं. ज्याला निश्चय नाही म्हणून आपण नावं ठेवतो, त्याच्या निश्चय नसण्यावर रस्ते बांधले जातात. या वाढीव रकमेतून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू तोडतानाच्या पहिल्या आठवड्यासाठी चार-पाच खाटा, प्रशिक्षित डॉक्टर, ही औषधं आणि एक समुपदेशक ठेवणं अशक्य कोटीतलं नाही. मागणी मात्र कोणी करत नाही, कारण बेवड्यांचा मोर्चा निघत नाही.

विम्याचं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी निगडित मनोविकारांचा स्पष्ट समावेश आहे. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्या, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. तरीही विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांच्या नमुन्यात बाराव्या क्रमांकावर दारू, ड्रग्ज किंवा कोणत्याही व्यसनाचे उपचार आणि त्यांचे परिणाम बसलेले आहेत. घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींची पानं उघडा, बहुधा ते कलम सापडेल. ते काढायला विधिमंडळात वा संसदेत नवं काही मंजूर करून घ्यावं लागत नाही; २०१७ साली मंजूर झालेलंच पाळायचं आहे.